आधी दोन ओळी, मग एडिटिंग : सोलापुरात नव्याने फोटो काढू लागलेल्यांसाठी

पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात मी काही वर्षांपूर्वी एक फोटो काढला. साठीतले एक काका मागावर वाकून, तुटलेला धागा दोन बोटांत धरून गाठ मारत होते. केसांवर आणि भुवयांवर सुताचा पांढरा भुरका बसलेला. वर ट्यूबलाइट, मागे भिंत, भिंतीवर एक कॅलेंडर. घरी येऊन मी अगदी मन लावून एडिटिंग केलं. कॅलेंडर ‘मध्ये मध्ये येत होतं’ म्हणून कापलं, फोटो काळा-पांढरा केला, कॉन्ट्रास्ट चढवला. मित्रांनी वाहवा केली. आठवड्याने प्रिंट घेऊन गेलो. काकांनी ती हात लांब करून नीट पाहिली आणि विचारलं, “कॅलेंडर कुठं गेलं ओ?”

त्या कॅलेंडरवर त्यांच्या वर्षभराच्या उचलीचा हिशेब होता. ज्या तारखेला मालकाकडून पैसे उचलले तिच्याभोवती गोल, फिटले की गोलावर काट. मी कापला होता तो त्यांच्या वर्षाचा जमाखर्च, आणि ठेवला होता तो सुतात माखलेला, कुणाचाही असू शकेल असा एक म्हातारा चेहरा.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. फोटोच्या स्लायडरला हात लावण्याआधी त्या फोटोबद्दल दोन ओळी लिहायच्या. पुढे जे सांगतोय ते सगळं त्या दोन ओळींभोवतीच फिरतं. कॅमेरा कोणता, हा प्रश्न मी मुद्दाम घेत नाही. तुमच्या खिशातला फोन चालतो.

घराबाहेर पडताना

एक छोटी वही आणि पेन. फोनमध्ये टिपलं तरी चालेल, पण माझा अनुभव असा की फोन हातात घेतला की माणूस नोंद करत नाही, काढलेले फोटोच बघत बसतो. फोटो काढून झाला की तिथेच लिहा: कुठे, समोरचा माणूस काय करत होता, काय बोलला. बोललेले शब्द जसेच्या तसे टिपा. तारीख आणि वेळ फाइलच्या माहितीत आपोआप साठते, ती लिहिली नाही तरी चालेल. पण माणूस काय बोलला ते कोणताही कॅमेरा साठवत नाही.

परवानगी विचारा. मंगळवार पेठेत नाहीतर नव्या पेठेत मराठीत विचारलंत तर काम भागतं. पूर्व भागात अशोक चौक, कन्ना चौकाकडे गेलात तर “फोटो तीयोच्चा?” (फोटो काढू का?) एवढं मोडकंतोडकं तेलुगू बोला. उच्चार चुकला तर सगळे हसतात, आणि हसले की निम्मं काम झालेलं असतं. कुणी नको म्हणालं तर नको. विड्या वळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात हे दोनदा विचारावं, कारण एकीने हो म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं होत नाही.

फोनमध्ये ‘रॉ’, म्हणजे कॅमेऱ्याने आवरासावर न केलेली कच्ची फाइल साठवण्याची सोय असेल तर ती चालू करा. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात. रॉ फाइल १२ बिटची असेल तर ४०९६, १४ बिटची असेल तर १६,३८४. फरक फोटो काढताना दिसत नाही. अंधारातला चेहरा उजळायला गेलात की दिसतो: जेपेगमध्ये तिथे डाग उमटतात, रॉमध्ये चेहरा निघतो. तोटा एवढाच की फाइल मोठी होते आणि फोन लवकर भरतो.

कारखान्यातला उजेड

यंत्रमागाच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेलात की फोटोत आडवे काळपट पट्टे येतील. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. शटर, म्हणजे कॅमेरा उजेडासाठी उघडा राहतो तो वेळ, त्याहून फार वेगवान ठेवलं तर ती उघडझाप पट्ट्यांच्या रूपात पकडली जाते. फोनच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, पट्टे जातात. हे नंतर एडिटिंगमध्ये काढणं महाकर्मकठीण आहे, म्हणून तिथेच निस्तरा.

१/५० वर आणखी एक गंमत होते. हात जरा स्थिर ठेवलात तर काका स्पष्ट येतात आणि धावता धोटा पुसट रेघ होऊन येतो. धोटा गोठवून टाकलेला फोटो मला मेलेल्या मागासारखा वाटतो. ही माझी आवड. तुम्हाला धोट्याचं टोक बघायचं असेल तर १/१००० लावा आणि पट्ट्यांशी भांडा.

घरी आल्यावर : निवड

त्याच रात्री निवड करू नका. दमलेल्या माणसाला स्वतःचा प्रत्येक फोटो एकतर भारी वाटतो नाहीतर भंगार. एक दिवस जाऊ द्या.

मग सगळे फोटो छोट्या आकारात एकत्र बघा. छोट्या आकारात जो डोळ्यात भरतो त्याची मांडणी पक्की असते. दोनशेतून वीस, वीसातून पाच. ज्या पाचांसाठी वहीत काही ना काही लिहिलेलं आहे ते आधी घ्या. बाकीचे पुसून टाकू नका, बाजूला ठेवा. मी काढून टाकण्याच्या बेतात असलेला एक फोटो दोन वर्षांनी त्या कारखान्यातल्या मागांचा एकमेव पुरावा ठरला. माग भंगारात गेले होते.

आता प्रत्येक फोटोखाली दोन ओळी. पहिली ओळ: फोटोत काय आहे. दुसरी: मी तो का काढला. कॅलेंडरवाल्या फोटोसाठी मी आज लिहीन: ‘काका तुटलेला धागा जोडताहेत, मागे त्यांच्या उचलीचा हिशेब. हात आणि हिशेब एकाच चौकटीत दिसले म्हणून काढला.’ हे लिहिल्यावर कॅलेंडर कापायला हात धजावत नाही. आणि ‘चांगला दिसला म्हणून’ यापलीकडे दुसरी ओळ सुचत नसेल तर तो फोटो एडिटिंगला घेऊच नका. थांबा. सुचली तर घ्या.

सरळ करणे, कापणे

इथून ॲप. स्नॅपसीड फुकट आहे आणि शिकायला सोपं. लाइटरूमची फोनवरची साधी आवृत्तीही पैसे न देता चालते. कॉम्प्युटरवर काम करणार असाल तर डार्कटेबल आणि गिंप दोन्ही मोफत आहेत, मात्र डार्कटेबलला पहिले आठ दिवस शिव्या घालाल.

पहिलं काम: क्षितिज सरळ. सिद्धेश्वर तलावाच्या फोटोत पाणी एका बाजूला सांडतंय असं वाटलं की पुढचं काही कुणाला दिसत नाही. इमारतींचं वेगळं. महापालिकेची इंद्रभुवनची इमारत जवळून, मान वर करून काढलीत की ती मागे रेलल्यासारखी दिसते. ‘पर्स्पेक्टिव्ह’ नावाचं हत्यार त्या उभ्या रेषा सरळ करतं. पण अगदी काटकोनात आणलंत की इमारत उलट पुढे झुकल्यासारखी भासते. थोडी रेललेली राहू द्या, डोळ्याला तेच खरं वाटतं.

मग क्रॉप. दोन ओळी समोर ठेवा आणि चारही कडा एकेक करून आत आणा. प्रत्येक कडेला विचारा: इथे जे जातंय ते माझ्या ओळींत आहे का? हात मनगटाशी किंवा पाय घोट्याशी कापू नका, माणूस तुटल्यासारखा दिसतो. मोठी प्रिंट काढायची असेल तर जपून कापा. ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रिंटला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या फोटोतला चतुर्थांश भागच ठेवलात तर तेवढे उरत नाहीत.

उजेड : गड्ड्याच्या यात्रेचा धडा

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची, म्हणजे गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, ते तोलणारी पांढऱ्या बाराबंदीतली (बंद बांधायच्या अंगरख्यातली) माणसं, आणि डोक्यावर जानेवारीतलं असलं तरी सोलापूरचंच ऊन. नव्या माणसाचा हमखास फसणारा फोटो हाच.

कारण समजून घ्या. कॅमेरा चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या रंगाच्या आसपास आणायला बघतो. चौकट पांढऱ्या कपड्यांनीच भरलेली असेल तर तो घाबरून उजेड कमी करतो, बाराबंदी राखाडी येते. गर्दी गडद कपड्यांतली आणि मध्ये दोन-तीनच बाराबंद्या असतील तर तो उजेड वाढवतो, बाराबंदी करपते. पहिली चूक एडिटिंगमध्ये सहज सुधारते: एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेड, थोडा वर. दुसरी सुधारत नाही. एकदा पांढरा रंग २५५ या टोकाला पोचला की तिथे कापडाची चुणी नाही, शिलाई नाही, काहीच नाही. हायलाइट्स (उजळ भागांची पट्टी) कितीही खाली ओढा, नुसता सपाट राखाडी डाग मिळतो. म्हणून तिथे फोटो काढताना बोटाने बाराबंदीवर टॅप करा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. चेहरे काळे येतील, येऊ द्या. घरी शॅडोज (गडद भागांची पट्टी) वर केल्या की चेहरे परत येतात.

हे तपासायला हिस्टोग्राम बघायला शिका. डोंगरासारखा आलेख असतो. उजव्या भिंतीला डोंगर आपटलेला दिसला की पांढरं गेलं. डाव्या भिंतीला आपटला की काळं गेलं. काळं गेलेलं मी बऱ्याचदा खपवून घेतो, पांढरं नाही.

शॅडोज मात्र शंभरावर नेऊ नका. रापलेला, घामेजलेला चेहरा उजळून गोरागोमटा करणं ही आपल्याकडची जुनी खोड, पूर्वी स्टुडिओत ब्रशने करायचे, आता फोन न विचारता करतो. सेटिंगमध्ये जाऊन ‘ब्यूटी’ आधी बंद करा. त्या फोटोची दुसरी ओळ ‘नंदीध्वजाचा भार’ असेल तर तो भार कपाळाच्या आठ्यांत दिसतो, आणि ब्यूटी नेमक्या आठ्याच पुसते.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचं एका वाक्यात: ट्रायपॉड, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर दोन ते चार सेकंद, आणि घरी आकाश पूर्ण काळं करायचा मोह आवरा, धूर आहे म्हणून तर ते आतषबाजीचं आकाश आहे.

रंग

ट्यूबचा उजेड फोटोत हिरवट उतरतो. व्हाइट बॅलन्समध्ये दोन पट्ट्या असतात, एक निळा-पिवळा, दुसरी हिरवा-जांभळा. सगळे पहिल्याच पट्टीशी खेळतात आणि वैतागतात. दुसरी ‘टिंट’ची पट्टी जरा जांभळ्याकडे न्या, चेहरा माणसात येतो. फोटोत कुठे पांढरा कागद, पांढरं सूत असेल तर ते खरंच पांढरं दिसतं का, एवढं बघा.

आता चादर. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिच्यावरचे लाल, हिरवे, किरमिजी रंग ही तिची ओळख. तिचा फोटो काळा-पांढरा करणारा मनुष्य मी स्वतःच होतो, म्हणून हक्काने सांगतो: करू नका. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवूनही फसाल, कारण लाल रंग आधीच टोकाला असतो आणि वाढवला की विणीचे धागे एकमेकांत विरघळतात. लाल उलट थोडा उतरवा आणि ‘स्ट्रक्चर’ किंवा ‘टेक्श्चर’ किंचित चढवा. वीण वर येते.

काळं-पांढरं कुठे करावं? जिथे गोष्ट आकाराची आणि उजेडाची आहे तिथे. उत्तम उदाहरण हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेच्या संगमावरच्या या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. समोरून फ्लॅश मारलात तर अक्षरं नाहीशी होतात. सोबतच्याला फोनचा टॉर्च घेऊन दगडाच्या बाजूला उभं करा, उजेड दगडाला घासून गेला पाहिजे. मग प्रत्येक खाचेत सावली बसते आणि अक्षर उठतं. घरी काळं-पांढरं, कॉन्ट्रास्ट थोडा, संपलं. अक्षरं नीट यावीत म्हणून जुन्या शिलालेखांवर खडू फासणारे लोक मी पाहिले आहेत. हजार वर्षांच्या दगडावर खडू घासण्यापेक्षा टॉर्च तिरका धरणं सोपं नाही का?

काय पुसायचं, काय नाही

इथे नवी माणसं सगळ्यात जास्त अडखळतात, म्हणून जरा थांबतो.

यात्रेतल्या एका फोटोत नंदीध्वजाच्या मागून विजेची तार आडवी गेलेली होती. ‘हीलिंग’च्या ब्रशने मी ती पुसली. छान पुसली गेली. दोन दिवसांनी एका जाणत्याने दाखवलं की तारेबरोबर ॲपने ध्वजाच्या वरच्या सजावटीचा एक तुकडाही गिळलाय आणि त्या जागी आकाश भरलंय. ज्यांच्या घरात नंदीध्वज धरण्याचा मान आहे त्यांना तो फोटो दाखवायची सोय उरली नाही. आणि तारही होतीच की तिथे. पेठेच्या बोळातून मिरवणूक जाते तेव्हा वर तारा असतात, हेच त्या बोळाचं खरं रूप.

ही चूक मोठमोठ्यांनीही केली आहे. फेब्रुवारी १९८२ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर गिझाचा आडवा फोटो उभ्या चौकटीत बसवण्यासाठी पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकवले गेले, आणि त्यावर बरीच टीका झाली. तेव्हा त्याला महागडी यंत्रणा लागली. आज तेच काम तुमचा फोन दोन बोटांत करतो.

माझी रेघ अशी आहे. लेन्सवरची धूळ, सेन्सरवरचा ठिपका, म्हणजे जे कॅमेऱ्यात होतं पण जागेवर नव्हतं, ते खुशाल पुसावं. जे जागेवर होतं ते क्रॉपने चौकटीबाहेर गेलं तर जाऊ द्यावं, पण चौकटीत ठेवून पुसू नये. उजेड-सावली हलवावी, वस्तू हलवू नये. तलावावरच्या फिक्या आकाशाच्या जागी दुसरीकडचे ढग चिकटवायचे असतील तर चिकटवा, पण खाली तसं लिहा. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम आधी वाचा: बऱ्याचदा मूळ फाइल मागतात, आणि ती नसली तर चांगला फोटोही बाद होऊ शकतो.

एआयचं ‘मॅजिक’ बटण याच रेघेने तपासायचं. अंधारातल्या फोटोतले दाणे (नॉइज) कमी करतंय? चालेल. नसलेली बोटं, नसलेली वीण काढतंय? नको. एकदा शंभर टक्के मोठं करून बोटं मोजून बघा, करमणूक होईल.

नान्नजच्या माळावर

हे थोडं वेगळं म्हणून शेवटी. १९७९ मध्ये घोषित झालेलं माळढोक अभयारण्य शहरापासून जवळ आहे. माळढोक दिसणं आता दुर्मीळ, काळविटं मात्र भेटतात. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर लांबचा फोटो काढू नका. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि काळवीट पाण्याखाली असल्यासारखं येतं. हा धूसरपणा शार्पनिंगने जात नाही, उलट शिंगांना पांढरी किनार येते. पहाटे जा.

आणि फोटो कुणालाही पाठवण्याआधी त्यातली जीपीएसची नोंद काढून टाका. फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात. घरट्याचा फोटो असेल तर तुम्ही नकळत लोकांना पत्ता वाटत असता. तसे घरट्याचे फोटो काढूच नयेत, पण अपघाताने आलाच तर निदान एवढं करा. कारखान्यातल्या, घरातल्या लोकांच्या फोटोंनाही हेच लागू.

ओळ लिहून ठेवणे, फाइल जपणे

मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका, नेहमी प्रत. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केलं की दर खेपेला थोडं थोडं खराब होतं. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, पुढे जागा. शेजारी एक मजकुराची फाइल: दोन ओळी, आणि खाली तुम्ही काय काय केलं त्याची यादी. ‘डावीकडून कापलं, दार गेलं. टिंट जांभळ्याकडे. चेहरा अर्धा स्टॉप वर.’ (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट.) वर्षभराने हीच यादी तुमची शिकवणी होते. मी माझ्या जुन्या याद्या वाचल्या तेव्हा कळलं की दहापैकी सात फोटोंत मी डावीकडूनच कापलं होतं. म्हणजे फोटो काढताना मीच दर वेळी एक पाऊल डावीकडे जास्त उभा होतो.

प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ही प्रत नव्हे, तो आकसलेला असतो. पूर्ण आकारात पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

प्रिंट घेऊन परत जाणे

फोटो ज्याचा, त्याला प्रिंट द्या. चार बाय सहाची प्रिंट चहाच्या पैशात निघते. स्क्रीनवर बघितला त्यापेक्षा कागदावर फोटो जरा काळपट येतो, म्हणून प्रिंटसाठीची प्रत थोडी उजळ ठेवा.

काकांना मी दुसऱ्यांदा प्रिंट दिली ती रंगीत, कॅलेंडरसकट, भुवयांवरच्या भुरक्यासकट. त्यांनी पाहिली, मान हलवली, खिशात ठेवली. मग म्हणाले, “आता एक नीट काढा की. घरी लावायला.” शर्ट झटकून, केस ओले करून, भांग पाडून ते मागासमोर ताठ उभे राहिले, हात बाजूला, नजर थेट कॅमेऱ्यात. मी काढला. उजेड थोडा वर केला, बाकी काही नाही. आता मी प्रत्येक ठिकाणी असा एक फोटो त्यांच्या मर्जीने काढतो, आणि तो पहिला काढतो. नंतर माणूस मला विसरून कामाला लागतो.